आरशासाठी घेतलेलं कार्ड

पांढरकवड्यात हायवेच्या कडेला ट्रकच्या केबिनचे पडदे शिवणारी एकच बाई आहे, कमरुन्निसा. झालरी, सीटची कव्हरं, छताचं रेक्झिन, डॅशबोर्डवर टाकायचं मखमली कापड, सगळं तीच शिवते. नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या निम्म्या गाड्यांना आपल्या हातची झालर आहे असं ती सांगते. निम्म्या नसतील, पण बऱ्याच असतील. पन्नाशी कधीच उलटली, गुडघे कुरकुरतात, तरी माप घ्यायला ती अजून स्वतः केबिनमध्ये चढते. जितक्या केबिनी तिनं आतून पाहिल्यात तितक्या एखाद्या जुन्या ड्रायव्हरनंही पाहिल्या नसतील. फरक एवढाच की तिनं पाहिलेल्या सगळ्या गाड्या उभ्या होत्या.

चालती गाडी तिच्या हाती आली ती फार उशिरा, आणि तीही कम्प्युटरवर. मुलगा साद नोकरीसाठी पुण्याला गेला तेव्हा आपला कम्प्युटर आणि गेम खेळायचं स्टेअरिंग, पेडलसकट, घरीच टाकून गेला. ही रोज त्यावरची धूळ पुसायची. एक दिवस फोनवर म्हणाली, "साद, यात ट्रक चालते काय रे?" साद हसला, पण पोरगा गुणी. त्यानं तिकडून बसल्या बसल्या अम्मीच्या कम्प्युटरवर ट्रक चालवायचा गेम टाकून दिला. पहिल्या आठवड्यात तिनं दिसेल त्या खांबाला धडक दिली. मग हात बसला.

आता तिचा रिवाज ठरलेला आहे. दुपारची नमाज झाली, हायवेवर ऊन मी म्हणायला लागलं, मापाला कोणी यायचं नाही, की बाई चष्मा पुसून स्टेअरिंगवर बसते. कोण्या हौशी माणसानं आपल्याकडचे रस्ते त्या गेममध्ये बसवलेत, ते सादनं तिला मिळवून दिले. कापसाच्या गठाणी भरायच्या आणि नागपूर सोडायचं. हिंगणघाट येतं, पुढं अदिलाबाद येतं, मधे पांढरकवडा मात्र नाही, तिथं नुसत्या दोन बाभळी आहेत. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती जाम चिडली होती. "हिंगणघाट हाय, अदिलाबाद हाय, मंग आमचं गाव कोनं खाल्लं?" म्हणाली. आजही त्या बाभळींपाशी आली की हॉर्न वाजवते.

मोहल्ल्यात लोक बोलले, बोलणारच. म्हातारपणी खूळ लागलं म्हणाले. एक बाई म्हणाली, तेवढ्या वेळात जपाची तस्बीह घेऊन बसावं. "तस्बीह बी होते अन् गाडी बी होते, तुमच्यासारखं दुसऱ्याच्या घरात डोकावलं नाही की लय वेळ भेटते," कमरुन्निसानं सुईत दोरा ओवता ओवता सांगितलं, आणि ती बाई नंतर महिनाभर झालर शिवायच्या चौकशीलासुद्धा आली नाही.

तिचा नवरा मुनाफ स्वतःच्या ट्रकवर ड्रायव्हर होता. भला माणूस, हात उगारला नाही, वाईट बोलला नाही. माहेरी हिंगणघाटला सोडायला न्यायचा तेव्हा म्हणायचा, "तू क्लीनर साइडले बस." ती बसायची डाव्या बाजूला. ट्रकचा आरसा ड्रायव्हरच्या डोळ्यासाठी वळवलेला असतो. क्लीनरच्या जागेवरून त्यात आभाळाचा तुकडा दिसतो, नाहीतर आपलाच कान. समोरचा रस्ता दोघांनाही दिसायचा, पण मागे काय राहिलं, कोण येऊन राह्यलं, ते एकट्या मुनाफला. तिला फार वाटायचं की एकदा त्या बाजूला बसून पाहावं. "मले शिकवा ना," ती म्हणायची. "पुढच्या खेपेले," मुनाफ म्हणायचा. दर वेळी हसून म्हणायचा, म्हणून तिला रागही धरता आला नाही.

मुनाफ एका उन्हाळ्यात छातीत दुखून गेला. साद तेव्हा लहान होता. नवरा गेल्यावर बाईनं इद्दत पाळायची, चार महिने दहा दिवस उंबरा ओलांडायचा नाही, ती तिनं मनापासून पाळली. त्याच दिवसांत तिच्या जेठानं, म्हणजे मुनाफच्या थोरल्या भावानं, इकबालनं, ट्रक विकला. समोरच्या खोलीत सौदा झाला. ही पडद्यामागे बसलेली. भाव तिच्या कानावर पडत होता, गाडी घेणाऱ्याचा आवाज पडत होता, आणि मग इकबालचा आवाज आला, "आतून चार चाय पाठवा." तिनं चहा पाठवला. इकबालनं पैशात खोट केली नाही, एक पै इकडची तिकडे नाही, हे तीच सांगते. पण गाडी ठेवायची की विकायची, हे तिला कोणी विचारलं नाही. गाडीच्या माथ्यावर मोठ्या अक्षरात 'साद' लिहिलेलं होतं. ते अक्षर अंगणातून रिव्हर्स होत बाहेर गेलं आणि ते तिनं खिडकीच्या फटीतून पाहिलं. तो राग तिच्या मनात अजून ताजा आहे आणि तो लपवायची तिला कधी गरज वाटली नाही.

तर अशा बाईचं ग्राफिक कार्ड एप्रिलमध्ये जळालं.

कम्प्युटरमध्ये चित्र काढायचं काम त्या कार्डाचं. रस्ता, बाभळी, पाऊस, सगळं तेच काढतं. सादचं कार्ड जुनं होतं, त्यात घरामागे जिनिंग, हवेत कापसाचा तंतू कायमचा. पडदा काळा झाला. बसस्टँडसमोर धम्मरत्नचं कम्प्युटरचं दुकान आहे, त्यानं पेटी उघडली, आत पाहिलं आणि म्हणाला, "आपा, याच्या पोटात कोनं रजई भरली?" पंख्यात खरंच मूठभर कापूस निघाला. कार्ड गेलेलं होतं.

सादला कळलं तसा त्याचा फोन आला. "अम्मी, काही टेन्शन घेऊ नको. हिरवं पाठवून देतो. धम्मरत्नभाऊ लावून देईल."

या कार्डांच्या धंद्यात दोन कंपन्यांचं जुनं वैर आहे. एकीचा रंग हिरवा, दुसरीचा लाल. पोरं त्यावरून अशी भांडतात की निवडणुकीत कार्यकर्ते भांडणार नाहीत. साद कट्टर हिरव्यातला. लाल कार्ड घेणारा माणूस त्याच्या मते एकतर कंजूष, नाहीतर अडाणी.

"पाठवू नको," कमरुन्निसा म्हणाली.

"काहून?"

"मी पाहून घेईन म्हून."

"अम्मी, यात पाहासारखं काय हाय? मले सारं मालूम हाय."

"तुले मालूम हाय ते तुह्यासाठी. गाडी मी चालवते का तू?" तिनं फोन ठेवला. पुढचे दोन दिवस साद तिला मोबाइलवर व्हिडिओ पाठवत राहिला. एका गोऱ्या माणसानं दोन्ही कार्डांवर बंदुकीचे गेम चालवून आकडे काढलेले होते. तिनं सगळे व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिले. एकातही ट्रक नव्हता.

सोमवारी ती धम्मरत्नच्या दुकानात गेली. गेम ज्यात होता ती हार्डडिस्क तिनं कम्प्युटरमधून काढून घेतली होती आणि जुन्या ओढणीत गुंडाळून पोटाशी धरली होती. धम्मरत्न म्हणाला, "आपा, तुमी हिरवं नेणार असं साऱ्या बाजाराले वाटते. मोहल्ल्यातल्या ना तुमी."

"असं काय? मंग तू निळ्या झेंड्याचा, तुह्या दुकानात निळ्या कंपनीचं कार्ड काहून नाही रे?"

"हाय ना निळी तिसरी कंपनी. माल येत नाही इकडं," तो हसत म्हणाला आणि त्यानं तिच्यासाठी स्टूल ओढलं.

तिनं साफ सांगितलं. माझी हार्डडिस्क, माझा रस्ता, माझा लोड. हायवेवर जुना ट्रक घेणारा माणूस गाडी सपाटीवर पाहत नाही. माल भरतो, घाटात नेतो, चढावर थांबवतो आणि पुन्हा उचलून पाहतो. ती उचलली तर पुढचं बोलायचं. कमरुन्निसानं त्याच रीतीनं कार्ड पाहायचं ठरवलं होतं. धम्मरत्नकडे दोन्ही कार्डं होती, भावाला जवळजवळ सारखी. त्यानं आधी हिरवं लावलं. तिनं गठाणी भरल्या, पाऊस लावला, घाट लावला. गाडी लोण्यासारखी चालली. कोपऱ्यातला आकडा पाहून धम्मरत्न खूश झाला.

थोड्या वेळानं तिनं ब्रेक मारला. "माहे आरसे कुठं हायत?"

धम्मरत्ननं आरसे बारीक करून ठेवले होते. सगळेच करतात. आरसा म्हटला की मागचा रस्ता कार्डाला पुन्हा वेगळा काढावा लागतो, जितके आरसे तितक्यांदा, मग गाडी अडखळते. म्हणून खेळणारे आरसे पुसट करतात आणि समोरचा रस्ता झकपक ठेवतात.

"बिना आरशाची गाडी कोन चालवते?" ती म्हणाली. "सारे आरसे पुरे लाव."

त्यानं लावले. हिरव्या कार्डानं मोकळ्या रस्त्यावर चांगलं काढलं, पण हैदराबादच्या गर्दीत शिरल्यावर आचके द्यायला लागलं. दर चौकात चित्र क्षणभर थांबायचं. मग लाल लावलं. तोच रस्ता, तोच लोड. पंखे घोंघावले, हात ठेववेना इतकं तापलं, पण आचका नाही. आणि आरशात मागची बस दिसत होती, बसच्या काचेवरचा वायपर दिसत होता, तिच्या स्वतःच्या ट्रॉलीची ताडपत्री वाऱ्यानं फडफडताना दिसत होती. ती समोर पाहायचं विसरली आणि गाडी दुभाजकावर चढली. तिला त्याचं काही वाटलं नाही.

धम्मरत्न खरा माणूस आहे. "आपा, मी तं तुमाले हिरवंच सांगीन," तो म्हणाला. "आपला मे महिना तुमाले मालूम हाय, आपली लाइट मालूम हाय. हे कमी तापते, कमी खाते, आंगानं लहान हाय. मेमरी कमी पडते म्हून आरशात अडखळते. आरसे जराक बारीक केले का झालं."

"कायले बारीक करू?"

"मंग लालच घ्या. पन पयले तुमचं कॅबिनेट, ती पेटी आना, मोजून पाहू. हे लय लांब हाय."

इथं बाईनं माती खाल्ली. दोन्ही कार्डं तिनं एकेका हातात घेतली, लाल चांगलं जड लागलं, आणि लोखंडाच्या शेजारात आयुष्य गेलेल्या माणसाचा जडावर भरवसा बसतो. त्यात ट्रकवाल्यांची रीतच अशी की कंपनीकडून नुसती चेसिस आणायची, म्हणजे इंजिन, चाकं आणि सांगाडा. ड्रायव्हर उघड्यावर डोक्याला गमछा बांधून ती चालवत आणतो आणि बॉडी नंतर गावात बनवतात. "चेसिस पयले, बॉडी मागून," ती धम्मरत्नला म्हणाली. "मोजायचं कायले? बांध." त्यानं पुन्हा सांगून पाहिलं. ती ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हती. एवढ्या कार्डाला वीज पुरवायला नवा एसएमपीएस लागेल म्हणाला, तोही तिनं घेतला.

घरी कार्ड पेटीत शिरेना. चार बोटं लांब. तिरपं करून पाहिलं, उलटं करून पाहिलं, शेवटी धम्मरत्नला बोलावलं. पेटीच्या आत लोखंडी कप्पा रिव्हेट मारून बसवलेला होता, तो आडवा येत होता. धम्मरत्न काही बोलला नाही, हा त्याचा चांगुलपणा. साद मात्र व्हिडिओ कॉलवर होता.

"अम्मी, मी म्हटलं होतं ना."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. हे चार शब्द जगात ज्यानं शोधून काढले त्याचं काही भलं झालं नसेल. साद पुढं समजावत होता, प्रेमानंच. परत दे, धम्मरत्नभाऊ बदलून देईल, तो तयार आहे, हिरवं दोन मिनिटांत बसेल. धम्मरत्ननंही मान हलवली. सगळं सोपं होतं, फक्त हो म्हणायचं होतं.

संध्याकाळी इकबाल आला. आता सत्तरीचा, दाढी पांढरी, पण ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात अजून स्वतः बसतो. ती डोक्यावरचा पदर सारखा करून उभी राहिली. त्यानं पलंगावर पडलेलं कार्ड पाहिलं, उघडी पेटी पाहिली. "कमर, मशीनचं काम बाईच्या हातचं नाही," तो म्हणाला. "पोरगा सांगते ते ऐकून घ्यावं. मोहल्ला हासून राह्यला."

"मोहल्ल्याचे दात चांगले हायत, हासू द्या, भाईजान," ती म्हणाली. तो चहा न पिता गेला.

मग एकटी बसली तेव्हा तिला रडू आलं. आपण चुकलो हे तिला पक्कं कळत होतं. मोजायला हवं होतं, पोरगा अर्धा खरा होता, धम्मरत्न तर पुरा. पण तिला आणखी एक गोष्ट कळत होती. ट्रक विकला गेला तेव्हा तिची काहीच चूक नव्हती, कारण चुकायची पाळीच तिच्यावर आली नव्हती. ही निदान तिची स्वतःची चूक होती. ती दुसऱ्याच्या हातात देऊन तिला मोकळं व्हायचं नव्हतं. नाक पुसून ती स्वतःशी मोठ्यानं म्हणाली, "कार्ड वापस जात नसते. पेटी बदलते."

बायपासवर जमीरचं ट्रकची बॉडी बनवायचं वर्कशॉप आहे. कमरुन्निसा त्याच्या गाड्यांना पडदे शिवून देते, तो तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणतो. दुसऱ्या दिवशी ऑटोत पेटी टाकून ती तिथं जाऊन उतरली.

"याची बॉडी बनवून दे."

जमीरनं पेटी उलटीपालटी करून पाहिली. "खाला, हे तं खेळणं हाय."

"तुह्या लेखी खेळणं. चेसिस आणली, बॉडी पायजे. बनवते का दुसरीकडं जाऊ?"

जमीरचा अभिमान दुखावला. त्यानं माप घेतलं, आणि या वेळी माप घेताना ती त्याच्या डोक्यावर उभी होती. आतला सांगाडा त्यानं ग्राइंडरनं कापून मोकळा केला, बाहेरून पत्र्याची नवी बॉडी बांधली, कोपऱ्यांना अँगल, खाली सागाची फळी. काम नामी झालं. फक्त जमीरनं आयुष्यभर पाण्यापावसापासून माल वाचवायच्या बॉड्या बनवल्या, त्यामुळे त्यानं सगळे सांधे बंद करून टाकले. धम्मरत्नला बोलावून तिथंच जोडून पाहिलं तर कार्ड एवढं तापलं की कम्प्युटर आपोआप बंद पडला. धम्मरत्न डोक्याला हात लावून म्हणाला, "जमीरभाऊ, याले श्वास घ्यायचा असते." मग जमीरनं चारही बाजूंना आडव्या जाळ्या कापल्या. जाळी आली म्हणजे कापूस आत जाणार. त्याचा बंदोबस्त कमरुन्निसानं स्वतः केला. मच्छरदाणीच्या कापडाच्या पट्ट्या शिवल्या, कडेला दाबून बसणारी चुटपुटी बटणं लावली, म्हणजे आठवड्याला काढून झटकता येतील. घरी असतो तसा पाणी टाकायचा कूलर समोर ठेवून तासभर घाट चालवला. पेटी बंद पडली नाही.

रंग देताना जमीरनं विचारलं, "माथ्यावर काय लिहू खाला? मुनाफचाचाच्या गाडीवर 'साद' होतं, तेच लिहू ना?"

हायवेवरच्या गाड्यांच्या माथ्यावर पोरांची नावं असतात, कधी आईची दुवा असते. एखादी गाडी बाईच्या पैशानं आली तरी त्या बाईचं नाव कमरुन्निसानं माथ्यावर कधी पाहिलेलं नव्हतं.

"कमरुन्निसा लिही."

जमीर थांबला. "पुरं?"

"पुरं. अन् अक्षर मोठं काढ, मले चष्म्याबिगर वाचता आलं पायजे."

पिवळ्यावर तांबड्या अक्षरांत पेंटरनं नाव काढलं, दोन्ही बाजूंना एकेक गुलाब. ऑटोच्या मागच्या सीटवर ती पेटी उघडी ठेवून बाई भर बाजारातून घरी आली. तिला वरून कापड टाकता आलं असतं, तिनं टाकलं नाही. इकबाल त्याच्या ऑफिसच्या दारात खुर्ची टाकून बसलेला होता. ऑटो सिग्नलला थांबला तसा तो उठून जवळ आला, नाव वाचलं.

"मुनाफच्या गाडीवर पोराचं नाव होतं," तो म्हणाला.

"ती गाडी तुमी इकली, भाईजान. ही माही हाय."

एवढ्या वर्षांत तिनं त्याच्यासमोर त्या गाडीचं नाव काढलं नव्हतं. ऑटो पुढं निघाला तेव्हा तिला फार बरं वाटत होतं.

महिना असाच चांगला गेला. मग बकरीदला साद घरी आला. येताना अम्मीसाठी चप्पल आणली, गुडघ्याचं तेल आणलं, आणि बॅगेच्या तळाशी हिरव्या पट्ट्याचं एक खोकं आणलं. त्यानं ते दाखवलं नाही. पेटीवरचं नाव पाहून तो हसला, पेटीचा फोटो काढून मित्रांना पाठवला, अम्मी जबरदस्त आहे म्हणाला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती भाजी आणायला बाजारात गेली.

परत आली तर खोलीत साद जमिनीवर मांडी घालून बसलेला, हातात पेचकस. मच्छरदाणीच्या पट्ट्या एकीकडं काढून ठेवलेल्या. तिचं लाल कार्ड पलंगावर वर्तमानपत्रावर पडलेलं होतं, पेटीत नवं हिरवं बसलेलं, आणि पोराच्या तोंडावर सरप्राइज द्यायचा आनंद.

"अम्मी, पाय. हे मोठं मॉडेल हाय, मेमरी बी भरपूर. आरसे सारे दिसतीन, तापणार बी नाही. आवाज तं येतच नाही. आठ महिने जमवलेले सारे पैसे यात घातले तुह्यासाठी."

भाजीची थैली तिच्या हातात तशीच राहिली. पोरगा खोटं बोलत नव्हता. कार्ड चांगलंच होतं, तिच्या कार्डाहून चांगलं, आणि त्यानं पोट मारून घेतलं होतं. तिला दिसत होतं सगळं. म्हणूनच तिचा आवाज चढला नाही.

"साद, मी इद्दतमधी बसली होती तवा तुह्या बडे अब्बानं गाडी इकली. भाव चांगला आणला होता त्यायनं. त्यायलेबी वाटलं, कमरचं भलं करून राह्यलो." तिनं पलंगावरच्या लाल कार्डाकडे बोट केलं. "अन् तू, मी बाजारात गेली तवा, इंजिन काढलं."

सादचा चेहरा उतरला. "अम्मी, ते अन् हे एक हाय काय? हे चांगलं हाय म्हून आणलं."

"असंल चांगलं. मी निवडलं नाही."

"तू आधी चुकली होती ना पण."

"चुकली. चार बोटं चुकली. मंग त्या चार बोटायसाठी साऱ्या बायपासले कामाले लावलं अन् निस्तरलं. ते बी मीच. आता मले ते तापलेलं, आवाज करणारं लालच पायजे. लाव वापस."

"अन् हे?"

"तुह्या पुण्याच्या मशीनले लाव. तुले पसंत हाय ना? तू निवडलं, तू वापर."

सादच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि तिच्याही, पण तिनं ते पुसलं नाही आणि मऊही पडली नाही. मग त्यानं पेचकस उचलला. हिरवं काढून खोक्यात ठेवलं, लाल जागेवर बसवलं, पट्ट्या लावून बटणं दाबली. एक बटण चुकीच्या जागी दाबलं गेलं, ते तिनं नीट केलं.

दुपारी नमाज झाल्यावर ती स्टेअरिंगवर बसली. पंखे घोंघावायला लागले. साद येऊन दारात उभा राहिला. तिनं मान न वळवता डाव्या हातानं शेजारचं स्टूल दाखवलं. "क्लीनर साइडले बस."

तो बसला. नागपूर सुटलं, हिंगणघाट आलं, हिंगणघाट मागे पडलं. पाऊस लागला होता. उजव्या आरशात ओला रस्ता लांबच्या लांब मागे जात होता आणि त्यावर एक मागून येणारी गाडी दिवे चमकवत होती. तिनं साइड दिली. साद पडद्याकडे पाहत होता, मग त्या आरशाकडे पाहायला लागला, आणि पाहतच राहिला.

"अम्मी, यात तं लय साफ दिसते."

"दिसते ना."

दोन बाभळी आल्या. तिनं हॉर्न वाजवला. पुढं रस्ता सरळ होता, रिकामा होता, कोणाच्याही हाती द्यावा असा.

"जराक मी चालवू?" सादनं विचारलं.

कमरुन्निसानं आरशात पाहिलं, गिअर टाकला आणि हसून म्हणाली, "पुढच्या खेपेले."